धुतली, चमकली... आणि रुसली!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी जळगावातल्या कुठल्याही वॉशिंग सेंटरवर जा, सीन सेम असतो. बाइक आरशासारखी चमकतेय आणि मालक सेल्फ मारून मारून घामाघूम! त्यात उद्या सकाळी एरंडोल, पारोळा करत 90 किलोमीटरवरचं धुळं गाठायचंय.

बॉस, आधी सेल्फवरचा अंगठा काढा. बहुतेक वेळा गाडी बिघडलेली नसते, नुसती ओली असते. बॅटरी मात्र तुम्हीच उतरवता.

माझा फंडा सोपा आहे. पहिल्यांदा किल स्विच बघा, फडकं मारताना तो कधी ऑफ होतो कळतही नाही. साइड स्टँड वर घ्या. मग प्लगची कॅप काढून आतून-बाहेरून कोरडी करा. तिथे पाणी असलं, की करंट प्लगपर्यंत न पोचता बाहेरच्या बाहेर पळतो. शेवटी एअर फिल्टर. कागदी फिल्टर भिजला, की इंजिनाचा श्वासच कोंडतो. तो सरळ बदला.

पण फिल्टरच्या डब्यातच पाणी साचलेलं दिसलं तर सेल्फ नको, किक नको, धक्का-स्टार्टही नको. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी पिस्टनला दाबता येत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. पुसून भागणारं काम हजारोंच्या बिलावर जातं. अशी गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत मेकॅनिककडे न्या.

बाकी काम ऑक्टोबर हीटवर सोडा. खान्देशातल्या उन्हाला आपण वर्षभर शिव्या देतो, एक दिवस त्याला कामाला लावू! आणि पुढच्या वेळी धुणाऱ्याला आधीच सांगा, ‘भाऊ, प्रेशर चाकांवर मार, सीटखाली नको.’