संशय सरकारचा, पुरावा कुणब्याचा!

जरीपटक्याच्या सिंधी बंधूंत जे पाकिस्तानांतून जीव मुठींत धरून आले, त्यांस 2019 च्या कायद्यानें नागरिकत्वाची वाट मोकळी केली. आम्हांस त्याचा हेवा नाहीं. मुसलमान निर्वासितास ती वाट बंद, हा धर्मभेद मात्र आम्हांस अमान्य आहे. पण शेतकरी-कारागीर बंधूंनो, जो येथल्याच मातींत जन्मला त्याचें काय?

परके हुडकण्याच्या नांवाखालीं राज्य सरकारनें जानेवारी 2025 मध्यें उशिराचे जन्मदाखले देणें थांबविलें व मार्चांत नियम कडक केले. उशिराचा दाखला मागतो कोण? शेठजीचें पोर इस्पितळांत जन्मतें, नोंद तेव्हांच होते. आमची म्हातारी गोठ्याशेजारीं जन्मली. आपल्या मुलखांत जन्म कोतवालाच्या वहींत चढे. वही वाळवीनें खाल्ली म्हणजे म्हातारी परकी काय? पालावरच्या पारध्याला तर तीही वही नव्हती. 1871 पासूनच्या कायद्यांनीं अशा जमातींना जन्मानेंच गुन्हेगार ठरविलें. 1952 सालीं ती बेडी सुटली. तोंवर सरकारनें त्यांची हजेरी मात्र नेमानें घेतली. हजेरीला आपला, दाखल्याला परका!

परकेपणाचा आळ आला कीं पुराव्याचें ओझें आळ आलेल्यावरच, हा इंग्रजाचा 1946 चा कायदा. 2025 च्या नव्या कायद्यानें तें ओझें तेथेंच ठेवलें. आसामांत 2019 सालीं 19 लाखांवर लोक यादीबाहेर पडले. बापाचें नातें कागदानें दाखवितां न आलेल्या सासुरवाशिणी त्यांत पुष्कळ.

घुसखोरास न्यायानें परत पाठवा. पण दाईची, पोलीस पाटलाची, ग्रामसभेची साक्ष पुरावा म्हणून धरा. तोंवर बंधूंनो, शाळेची, शेतसाऱ्याची, कोतवाल बुकाची जी नोंद सांपडेल तिची नक्कल काढून घ्या.