पहिल्या तासाचा वैद्य

सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२३ रोजी गुजरात शासन विरुद्ध डॉ. पी. ए. भट्ट या प्रकरणात निकाल दिला, तेव्हापासून आपल्या बैठकांतून त्याचीच चर्चा होत आली आहे. आयुर्वेद पदवीधर वैद्यकीय अधिकाऱ्यांना ॲलोपॅथीच्या अधिकाऱ्यांइतके वेतन देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. आकस्मिक सेवा आणि अपघातग्रस्तांचे उपचार ॲलोपॅथीचे डॉक्टर जसे करतात तसे आयुर्वेदाचे वैद्य करू शकत नाहीत, हे त्यामागील एक कारण. हे वाक्य अनेकांच्या जिव्हारी लागले, मलाही लागले. तथापि निषेधाचा ठराव संमत करून घरी जाण्यापूर्वी आपण पाटण तालुक्याच्या नकाशाकडे एकदा पाहावे.

आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, ती ९३७ गाड्यांनिशी. त्यांतील २३३ गाड्या प्रगत उपचारांच्या होत्या. या गाड्यांत डॉक्टर असतो, हे महाराष्ट्राच्या योजनेचे वैशिष्ट्य. आणि तो डॉक्टर बहुधा आपल्याच किंवा होमिओपॅथीच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेला असतो. म्हणजे आत्ययिक सेवा तुमचे काम नव्हे असे एकीकडे ऐकायचे, आणि दुसरीकडे शासनाने हेच काम रात्रंदिवस आपल्याच मुलांकडून करून घ्यायचे. ही विसंगती संघटनेने जरूर मांडावी. पण ती मांडणाऱ्याचे स्वतःचे घर नीट असावे लागते.

पाटणहून कराड सुमारे ४० किलोमीटर. कोयनानगर, मोरणेचे खोरे, ढेबेवाडीकडच्या वाड्या यांचे अंतर मोजायचे ते किलोमीटरमध्ये नव्हे, पावसाळ्यातील तासांमध्ये. कोयनेला पूर आला की मूळगावचा पूल अनेकदा पाण्याखाली गेलेला आपण पाहिला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. २२ जुलै २०२१ च्या रात्री आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, तेव्हा रस्ते खचले होते आणि ओढे दुथडी भरून वाहत होते. अशा वेळी बाहेरची मदत येईपर्यंत जो कोणी गावात असतो तोच डॉक्टर. आणि आपल्या तालुक्यात तो पुष्कळदा आपल्यापैकीच एखादा असतो.

तो तयार असतो काय? माझ्यापुरते उत्तर देतो. काही वर्षांपूर्वी श्रावणात पहाटे एका शेतकऱ्याला माझ्या दवाखान्यात आणले. पोटात कळ येते, घसा धरला आहे, एवढीच तक्रार. अंगावर दंशाची खूण नाही, सूज नाही. मी अजीर्ण समजून इंजेक्शन दिले आणि घरी पाठविले. जमिनीवर झोपला होता काय, हा साधा प्रश्न विचारला नाही. नऊच्या सुमारास त्याला पुन्हा आणले तेव्हा पापण्या उचलत नव्हत्या. तो मण्यार होता. वडापच्या जीपमधून त्याला कराडला नेले. सहा दिवस कृत्रिम श्वासयंत्रावर राहून तो परत आला. त्यात माझा वाटा पहाटेचे चार तास वाया घालविण्याचा.

आत्ययिक चिकित्सा आपल्या शास्त्राला परकी नाही, हे सांगण्याची गरज नाही. सुश्रुताने युक्तसेनीय अध्यायात राजाच्या छावणीशेजारी वैद्याचा तंबू ध्वजासह उभारायला सांगितला आहे; सद्योव्रणाचा स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. चरकाने विषाचे चोवीस उपक्रम दिले. परंतु त्यांतील अरिष्टाबंधन, म्हणजे दंशाच्या वर आवळून बांधणे, किंवा छेद घेऊन रक्त काढणे हे उपाय आज करू नयेत, असे मी स्पष्ट म्हणतो. आवळलेल्या दोरीने हात-पाय काळा पडतो, आणि घोणस किंवा फुरसे चावलेल्याला छेद दिल्यास रक्त थांबत नाही. मोडलेल्या हाडाप्रमाणे अवयव फळीने स्थिर करावा, रुग्णाला चालवू नये आणि प्रतिविष असलेल्या केंद्रात पाठवावे. संहितेचा आदर आपण ती डोळसपणे वाचून करतो, तिच्या आड लपून नव्हे.

येथे सह्याद्रीपलीकडच्या महाड परिसरातील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांची आठवण होते. ते ॲलोपॅथीचे पदवीधर. पण मुद्दा पदवीचा नाही. विंचूदंशाच्या रुग्णाशेजारी रात्र-रात्र बसून त्यांनी नोंदी केल्या आणि प्राझोसिनचा उपयोग जगापुढे मांडला, तो कोकणातील खेड्यांतल्या अनुभवातून. आपल्यापैकी कितीजण दंशाच्या रुग्णाची वेळ तरी लिहून ठेवतात?

जागतिक आरोग्य सभेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये आकस्मिक सेवेविषयी ठराव केले. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाची राष्ट्रीय कृती योजना आणली. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. कागदावर सारे उत्तम. परंतु खासगी वैद्य, ग्रामीण रुग्णालय आणि १०८ यांना जोडणारा दुवा तालुक्यात कोण बांधणार? माझे मत असे की, आपल्या तालुका शाखेने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी प्रस्ताव न्यावा: आम्ही रुग्ण ओळखू, वेळ नोंदवू, फोन करून पाठवू, तुम्ही आम्हाला वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्या आणि पाठविलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले ते कळवा. वेतनाच्या मागणीपेक्षा ही मागणी आधीची आहे. काही व्यवसायबंधू पोलीस प्रकरणाच्या भीतीने अपघाताचा रुग्ण दारातूनच परत पाठवितात. त्यांनी परमानंद कटारा प्रकरणातील १९८९ चा निकाल वाचावा. शासकीय असो वा खासगी, प्रथमोपचार नाकारण्याची मुभा त्याने कोणाही डॉक्टरला ठेवलेली नाही.

औषधविक्रेत्यांनाही एक विनंती. ॲड्रिनॅलिन आणि ॲट्रोपिन खपत नाहीत, मुदत संपते, म्हणून लहान दुकानांत ती मिळत नाहीत. हा तोटा एकट्या दुकानदाराने सोसावा असे मी म्हणत नाही. शाखेच्या निधीतून तो भरून द्यावा. प्रतिविषाबाबत मात्र घाई नको. भुकटीरूप प्रतिविषाला शीतकपाटाची सक्ती नसली, तरी तीव्र प्रतिक्रिया आल्यास ती सांभाळण्याची तयारी नसलेल्या दवाखान्यात ते टोचणे हे धाडस होय.

पुढच्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येकाने एवढे तरी करावे. दोन मिलिलिटर ताजे रक्त कोरड्या, स्वच्छ परीक्षानळीत घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवायचे आणि मग नळी एकदा तिरपी करायची. रक्त गोठले नसेल तर विष रक्तावर काम करीत आहे. गोठले तरी मण्यार नव्हे असे समजू नये. पापण्या पाहाव्यात, श्वास पाहावा. ही वीस मिनिटे गाडीची वाट पाहताना जावीत, गाडी आली की नळी हातात घेऊन निघावे. आणि नळी काचेची, नवी हवी; प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी खोटे उत्तर देते.