पहिल्या डगमगीवर जाऊ नये

समुद्री कयाक साधारण पाच ते साडेपाच मीटर लांब आणि जेमतेम 55 ते 60 सेंटिमीटर रुंद असते. त्यामुळे नव्या कयाकमध्ये बसताच ती दोन्ही बाजूंना डुलते आणि ‘ही उलटणार’ असे मत तिथेच बनते. ते बहुधा खोटे ठरते. सपाट तळाची रुंद कयाक शांत पाण्यात निश्चल वाटते, पण लाट आली की लाटेच्या उताराबरोबर कलते. गोलसर तळाची अरुंद कयाक आधी डगमगते. मात्र थोडी कलली की कुशीचा फुगवटा पाण्यात जाऊन तिला आधार देतो. शिवाय रिकामी कयाक भरलेलीपेक्षा जास्त हलते. तळाशी पाण्याचे कॅन ठेवून पाहिल्याशिवाय तिचा स्वभाव कळत नाही.

तळ सरळ असेल तर कयाक रेषेत धावते, वळताना हट्ट करते. दोन्ही टोके उचललेली असतील तर झटकन वळते, पण सतत सावरावी लागते. सातपाटीची मच्छीमार बोट सरळ कण्याची आणि रुंद पोटाची असते, कारण तिला जाळी आणि पापलेटचा भार घेऊन लांबून परतायचे असते. कयाकचे वजन मात्र 20 ते 30 किलो. कमरेने किंचित कलवली तरी ती वळू लागते, तेही कललेल्या बाजूच्या उलट दिशेला. नवख्याला हे उफराटे वाटते.

खरा कस वारा लावतो. केळव्याला सकाळी शांत असलेल्या पाण्यावर दुपारी समुद्राकडून वारा सुटला, की चालत्या कयाकचे नाक आपोआप वाऱ्याकडे वळते. पुढे जाताना नाळ पाण्यात घट्ट धरलेली असते, मागचे टोक मात्र खळबळलेल्या पाण्यात सैल असते. वारा तेच ढकलतो. मागच्या तळातून स्केग नावाचे पाते खाली सोडले की हे टोक स्थिरावते. वारा आडवा असेल तर पाते अर्धे सोडायचे, पाठीशी असेल तर पूर्ण. वाऱ्याच्या दिवशी ते वर-खाली करून पाहणे ही दुकानातल्या कौतुकापेक्षा मोलाची चाचणी आहे.

या किनाऱ्यावर उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते. सातपाटी आणि मुरबे यांच्यामधल्या खाडीच्या मुखाशी ओहोटीची ओढ लागली, तर परीक्षा कयाकची न राहता दंडांची होते. म्हणून भांगाचा, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याचा दिवस आणि भरती संपतानाची वेळ निवडावी. लाइफ जॅकेट घालून, कमरेइतक्या पाण्यात, सोबतीला कोणी असताना कयाक एकदा मुद्दाम उलटवावी. सामानाचे कप्पे कोरडे राहतात का आणि बाहेर पडून पुन्हा चढता येते का, हे तेव्हाच कळते. तारापूर अणुवीज केंद्रासमोरचे पाणी टाळावे. जून-जुलैत मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत नवी कयाकही घरीच ठेवावी.