मुंबई थोडीच पाहा, पण पायी पाहा



सुट्ट्या जवळ आल्या की ‘दोन दिवसांत संपूर्ण मुंबई’ अशा सहलींच्या जाहिराती रत्नागिरीत फिरू लागतात. गेटवे, राणीचा बाग, तारांगण, हाजीअली, सिद्धिविनायक, जुहू, नटांचे बंगले आणि संध्याकाळी एखादा मॉल, असे सगळे एकाच बसमध्ये. स्वतःहून जाणारी कुटुंबेही साधारण हीच यादी खिशात घालून निघतात. ही यादी फाडून टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन दिवसांत संपूर्ण मुंबई होत नाही. तसा हट्ट धरणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला मुख्यतः वाहतूक कोंडी येते आणि मुले बसमध्ये झोपून जातात. बोरीबंदर ते गेटवे हा पट्टा एका दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी फार तर एक ठिकाण, एवढेच ठरवावे.

‘एवढ्या लांब जाऊन एवढेच?’ असे यावर हमखास विचारले जाते. पण जुहू ते गेटवे हे अंतर वीस किलोमीटरच्या वर आहे आणि ते कापण्यात सुट्टीचे दीड-दोन तास सहज जातात. आणि भाट्ये, मांडवी, आरे-वारे, गणपतीपुळे ज्यांच्या दाराशी आहे, त्यांनी समुद्र बघायला जुहूला का जावे? नटाच्या बंगल्याचे बंद फाटक पाहून मुलांच्या हाती काय लागते, हे मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही.

दुसरी अडचण आपल्या कोकणी माणसाची खास आहे. मुंबईला जायचे म्हणजे नातेवाइकांकडे उतरायचे. पूर्वी हे नातेवाईक गिरगाव, लालबाग, परळला होते, तेव्हा ते सोयीचे होते. आता ते दिवा, डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरारला आहेत. विरारहून चर्चगेट साठ किलोमीटर. जाऊन-येऊन दिवसाचे तीन तास लोकलमध्ये. नात्यागोत्यातल्या गाठीभेटी झाल्याच पाहिजेत, पण त्यांसाठी वेगळा दिवस काढावा. फिरायचे असेल त्या रात्री दादर-गिरगाव भागातल्या साध्या लॉजवर राहावे. काही गावांच्या ग्रामस्थ मंडळांच्या खोल्या लालबाग-परळ बाजूला अजून आहेत. तिथे बायकामुलांची सोय असतेच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी मंडळात विचारून घ्यावे.

शुक्रवारी रात्री कोकणकन्येत बसले की शनिवारी पहाटे आपण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, म्हणजेच बोरीबंदरला असतो. सामान ठेवघरात टाकावे, प्रतीक्षालयात तोंडे धुवावीत आणि लगेच टॅक्सी शोधायला धावू नये, कारण ज्या इमारतीत आपण उतरलो तीच पहिली पाहण्याची गोष्ट आहे. फ्रेडरिक स्टीव्हन्सने रचलेली ही इमारत 1888 साली पूर्ण झाली आणि 2004 मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. तिच्यावरचे दगडी प्राणी, पक्षी आणि पानाफुलांचे कोरीवकाम जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे, हे मुलांना सांगितले तर मुले वर बघत उभी राहतात. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच. तिथून हुतात्मा चौकात चालत यावे. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेलणाऱ्यांचे हे स्मारक पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा वेगळे बोलते.

खरा मुद्दा यापुढचा आहे. टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान आपली मुले शाळेतून पाहतात, 1 ऑगस्टला भाषणेही करतात. पण जुलै 1908 मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली, ते उच्च न्यायालय ओव्हल मैदानाच्या कडेला उभे आहे, हे त्यांना कोण दाखवते? ही शिक्षा भोगायला टिळक मंडालेला गेले. त्याच वेळी मंडालेचा पदच्युत राजा थिबा आपल्या रत्नागिरीत नजरकैदेत होता. रत्नागिरीचा माणूस मंडालेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत! थिबा पॅलेस पाहिलेल्या मुलाला त्या मैदानावर उभे करून ही हकिगत सांगा. इतिहासाच्या तासाला मी जे महिनाभर सांगून पोहोचत नाही, ते तिथे काही मिनिटांत पोहोचेल. टिळकांचे निधन झाले ते सरदारगृह महात्मा फुले मंडईजवळ आहे, आणि त्यांचे अंत्यसंस्कार गिरगाव चौपाटीवर झाले.

मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. ते शिकले ते एल्फिन्स्टन कॉलेज जहांगीर कलादालनासमोर आहे. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये सुरू केलेले सिद्धार्थ कॉलेजही फोर्टातच. आपल्या जिल्ह्यातून निघालेली माणसे या दोन-अडीच किलोमीटरच्या पट्ट्यात जागोजाग भेटतात. बसच्या खिडकीतून ती भेटत नाहीत. भाऊच्या धक्क्यावर बोटीने उतरून गिरणीत कामाला लागलेल्या आपल्या आजे-पणज्यांची मुंबई हीच, आणि तिच्यावर आपल्या मुलांचा पाहुण्यापेक्षा जास्त हक्क आहे.

कलादालनाशेजारचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय 1922 मध्ये लोकांसाठी खुले झाले. तिथे निवांत दोन-तीन तास द्यावेत. सगळी दालने उरकण्याचा आग्रह नको. त्यानंतर संध्याकाळी गेटवे. म्हाताऱ्या माणसांना एवढे चालवत नसेल तर भुयारी मेट्रो आता या भागातून जाते. टर्मिनसवरून हुतात्मा चौक हे पुढचेच स्थानक आहे.

रविवारी हिवाळ्यात घारापुरी, उन्हाळ्यात भायखळा, असे मी सुचवेन. घारापुरीला गेटवेवरून बोटीने तासभर लागतो. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोट सुटू देऊ नये. डिसेंबर 2024 चा बोट अपघात विसरण्याजोगा नाही. मे महिन्याच्या उन्हात लेण्यांच्या पायऱ्या मुलांना आणि आजी-आजोबांना सोसत नाहीत, तेव्हा भायखळ्याला राणीचा बाग आणि त्याच आवारातले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बरे. घारापुरीचा मूळ दगडी हत्ती या संग्रहालयाबाहेर उभा आहे. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले ते त्याच्यावरून.

वारांचा विचार मात्र तिकिटाआधी करावा. घारापुरीची लेणी आणि तारांगण सोमवारी बंद, राणीचा बाग आणि भाऊ दाजी लाड बुधवारी बंद. रविवारी लोकलला गर्दी कमी, पण मेगाब्लॉक असतो. तो कोणत्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशी पाहून ठेवावे. असल्या साध्या चौकशीअभावी दूरवरून आलेली कुटुंबे बंद दारावरून परततात, आणि दोष मुंबईला जातो.

खर्चाचे म्हणाल तर माझ्या योजनेतला बराच भाग फुकट आहे. रस्ता, इमारती, मैदान, चौक यांना तिकीट नाही. पैसे लागतात ते रेल्वेला, एका रात्रीच्या मुक्कामाला, संग्रहालयाला आणि बोटीला. मॉलमध्ये एका संध्याकाळी याहून जास्त जातात.

शाळांनाही माझी विनंती आहे. मुंबईची सहल काढताना वॉटर पार्क हेच मुख्य ठिकाण धरू नका. एक दिवस फोर्टात पायी फिरवा आणि निघण्यापूर्वी वर्गात त्याची नीट तयारी करून घ्या.

पालकांनी दिवाळीच्या सुट्टीचा बेत आताच ठरवावा. रेल्वेचे आरक्षण आता 60 दिवस आधी उघडते आणि सुट्टीतल्या कोकणकन्येच्या जागा पहिल्याच दिवशी संपतात.

— एक शिक्षिका, रत्नागिरी