मध्यम पानांची बोली

श्रावण लागला की आमच्या बडोद्यात पत्त्यांच्या बैठका रंगू लागतात आणि गोकुळाष्टमीच्या रात्री तीन पत्तीला उधाण येते. आमच्या घरी मात्र आत्याबाईंच्या आज्ञेने खेळ चालतो तो चिंचोक्यांवर. यंदा भाचा मित्रांकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी खालमानेने म्हणाला, ‘‘मामा, पहिल्या पगारातले निम्मे पैसे गेले. हाती अठ्ठ्यांची जोडी होती हो!’’ रागावण्यापूर्वी आम्ही कागद-पेन्सिल घेतली.

बावन्न पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येतात. ट्रेल, दोन्ही तऱ्हेचे रन आणि कलर मिळून १,९१६. नव्वीपासून एक्क्यापर्यंतच्या जोड्या १,७२८. म्हणजे अठ्ठ्यांच्या जोडीस मात देणारे प्रकार सुमारे सहांत एक. समोर एकच भिडू असेल, तर सहांपैकी पाच वेळा आपण वरचढ. परंतु चौघे असतील, तर त्यांतील कोणाकडेच सरस पाने नसण्याचा संभव निम्म्याहूनही किंचित कमी. मध्यम पाने म्हणतात ती हीच.

भाच्याने या पानांवर चाल दुप्पट केली. पंज्यांची जोडी वा नुसता एक्का बाळगणारे तिघे पाने टाकून मोकळे झाले. उरला तो कलरवाला. मोठ्या बोलीने दुबळे पळतात, बलवान थांबतात, आणि आपला पैसा केवळ आपल्याहून सरस हाताशी झुंजत राहतो.

पोकरमध्ये बोलीचा आकडा बराचसा खेळणाराच ठरवितो, म्हणून हे तेथे अधिक स्पष्ट दिसते. मध्ये साठ रुपये असता आपण वीस लावले, तर समोरच्यास वीस घालून ऐंशी मिळवावयाचे असतात. पाचांत एकदा जिंकला तरी त्याचे नुकसान नाही. म्हणून तो कच्च्या पानांवरही येतो. साठ लावले, तर त्यास तिनांत एकदा जिंकावे लागते. मग तो हात आखडतो. यास्तव मध्यम पानांस लहान बोली बरी, प्रसंगी मुळीच नको. मोठी बोली शोभते ती अव्वल पानांस, किंवा निव्वळ हुलकावणीस.

‘‘म्हणजे साधी चाल केली असती, तर जिंकलो असतो?’’ भाच्याने विचारले. नाही, कलर तो कलरच. परंतु निम्मा पगार गेला नसता.

आत्याबाई सुपारी कातरता कातरता एवढेच म्हणाल्या, ‘‘पुढच्या अष्टमीला घरीच बस रे. चिंचोके पुष्कळ आहेत.’’