खोट्या वॅटांचा बाजार

मोटारींत कारखान्यांतूनच बसवून आलेल्या स्टिरिओस वेगळा ॲम्प्लिफायर जोडावा कीं जोडूं नये, हा वाद हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांत ऐकूं येतो. वडील म्हणतात, कंपनीनें लाखों रुपये घेऊन जें दिलें तें विचार करूनच दिलें असेल. त्यावर आणखी हजारों रुपये उधळणें हा थिल्लरपणा आहे. चिरंजीव म्हणतात, या डब्याला दमच नाहीं. मग चिरंजीव एखाद्या दुकानांत जातात, खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला आकडा पाहतात, आणि तो आकडा डिकींत बसवून घरीं आणतात. वडिलांना आवाज सहन होत नाहीं, चिरंजीवांना तो पुरत नाहीं, आणि मागच्या सीटवर बसलेल्या आजींचें मत कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष भलत्याच मुद्द्यावर भांडत आहेत. आवाज लहान असावा कीं मोठा, एवढाच त्यांच्यापुढें प्रश्न आहे. आवाज ज्या मापानें विकला जातो तें माप खरें आहे काय, हें मात्र दोघांपैकीं एकहि विचारीत नाहीं.

प्रथम कारखान्याचाच आकडा घेऊं. पुष्कळ स्टिरिओंच्या माहितीपत्रकांत ‘४ × ५० वॅट’ असें छापलेलें असतें. हे ५० वॅट कोठून आले याचा हिशेब दहावीच्या विद्यार्थ्यास करतां येईल. एंजिन चालू असतां गाडीच्या विजेचा दाब १४.४ व्होल्टांपर्यंत जातो, आणि स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम असतो. १४.४ चा वर्ग करून त्यास ४ नें भागलें कीं ५१.८ येतात. झाले ५० वॅट! परंतु हा भागाकार केव्हां खरा होतो? स्टिरिओंतील चिप सगळा दाब स्पीकरवर या टोंकाकडून त्या टोंकाकडे नुसता आपटीत राहील तेव्हां; म्हणजे गाण्याची वाटोळी लहर पार चौकोनी होऊन जाईल तेव्हां. तसला आवाज कोणी दोन मिनिटेंहि ऐकूं शकणार नाहीं. लहर वाटोळी ठेवावयाची तर गणिताची कमाल २६ वॅटांवर संपते, आणि चिपमधील घट वजा जातां प्रत्यक्षांत १८ ते २२ वॅट हातीं येतात. कारखानदाराचे वकील म्हणतील कीं छापलेला आकडा खोटा नाहीं, आणि अक्षरशः पाहतां तें बरोबरच आहे. गवळ्यानें चरवी उंच धरून दूध ओतावें, मापांत निम्मा फेंस चढवावा, आणि माप कांठोकांठ भरलें म्हणून शपथ घ्यावी, त्यांतलाच हा प्रकार. फेंस दुधाचाच असतो. पण त्याचा चहा होत नाहीं.

आतां २० वॅट म्हणजे थोडे, असें मात्र कोणी समजूं नये. शक्ति दुप्पट केली असतां आवाज अवघ्या ३ डेसिबलांनीं वाढतो, आणि कानास तो दुप्पट मोठा वाटावा म्हणून शक्ति सुमारें दसपट करावी लागते. म्हणजे २० च्या जागीं ४० वॅट आणल्यानें फरक जाणवतो इतकेंच. मग वेगळा ॲम्प्लिफायर हवा कशाला? येथें वडिलांच्या पक्षानें क्षणभर आमचें ऐकावें. द्रुतगति महामार्गावर शंभराच्या वेगानें धांवणाऱ्या लहान गाडींत टायरांचा, वाऱ्याचा व एंजिनाचा मिळून ७० डेसिबलांच्या आसपास गोंगाट असतो. ख्यालाची विलंबित बढत, गायकाचा मंद्र षड्ज, तंबोऱ्याची जवारी हीं सर्व त्या गोंगाटाखालीं बुडून जातात. तीं वर यावींत म्हणून माणूस आवाजाचें बटण फिरवितो. समजा, सरासरी आवाजास दोन वॅट पुरतात. पण तबल्याची एखादी भरदार थाप क्षणभर त्याच्या दसपट, कधीं वीसपटहि शक्ति मागते. तिला ४० वॅट हवेत आणि स्टिरिओजवळ आहेत २०. थापेचा माथा तेथेंच छाटला जातो. तान वरच्या षड्जावर पोंचते तोंच आवाजाला कर्कश धार येते, आणि घरांतील जाणकार मंडळी रेकॉर्डिंगास नांवें ठेवतात. बिचाऱ्या रेकॉर्डिंगचा त्यांत कांहीं अपराध नसतो.

स्वतंत्र ॲम्प्लिफायर उपयोगी पडतो तो या ठिकाणीं. बॅटरीचा दाब तो जसाच्या तसा वापरीत नाहीं; तो दाब वाढविण्याची व्यवस्था त्याच्या पोटांतच असते, आणि त्यामुळें थापेला लागणारी शिल्लक त्याच्यापाशीं राहते. ही शिल्लक बँकेंतील ठेवीसारखी आहे. रोज खर्चावी म्हणून ती ठेवलेली नसते. ज्या रसिकानें या हेतूनें ॲम्प्लिफायर जोडला त्यास थिल्लर म्हणण्याचा अधिकार कोणास नाहीं, त्याच्या वडिलांसहि नाहीं.

शिवाय ‘कंपनीनें दिलें तेंच प्रमाण’ हा युक्तिवाद इतिहासाच्याहि विरुद्ध आहे. मोटारींतला रेडिओ बाजारांत रुळला तोच मुळीं बाहेरून जोडण्याची वस्तु म्हणून. १९३० सालीं शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन यांच्या कारखान्यानें मोटारींत बसविण्याजोगा रेडिओ विक्रीस काढला आणि त्यास ‘मोटोरोला’ हें नांव दिलें. पुढें कारखान्याचेंहि तेंच नांव झालें. तो रेडिओ गाडींत बसविणें म्हणजे त्या काळीं गाडी अर्धी उसवण्यासारखें काम होतें. गाडीच्या आंतल्या पोकळीचा, काचांचा व गाद्यांचा विचार करून स्पीकर व ॲम्प्लिफायर कारखान्यांतच जुळवून देण्याची कल्पना जनरल मोटर्सनें अमर बोस यांच्या कंपनीच्या साह्यानें कांहीं गाड्यांत आणली ती १९८२ सालीं, म्हणजे मोटोरोलानंतर पन्नास वर्षांनीं. (हे बोस एका बंगाली क्रांतिकारकाचे चिरंजीव, हें जातां जातां सांगावयास हरकत नाहीं.) आणि कारखान्याचा आवाज म्हणजे निर्मळ सत्य असेंहि मानण्याचें कारण नाहीं. २०११ सालीं आलेल्या बीएमडब्ल्यूच्या एम-५ गाडींत खुद्द एंजिनाची गर्जना स्पीकरांतून ऐकविण्याची योजना होती! जेथें एंजिनहि सोंग आणतें तेथें सारंगीनें कोणावर विश्वास ठेवावा?

याहून बारीक लबाडी साध्या गाड्यांत असते, आणि ती न समजल्यामुळें चिरंजीवांचे पैसे पाण्यांत जातात. कारखान्यांतून येणारे स्पीकर पुष्कळदां हलक्या जातीचे असतात. खर्जाचा जोर त्यांना झेपत नाहीं. म्हणून कित्येक स्टिरिओंची रचनाच अशी केलेली असते कीं, आवाज जसजसा वाढवावा तसतसा खर्ज आपोआप कमी व्हावा. स्पीकर वांचतो व कारखान्याकडे तक्रार येत नाहीं. असल्या स्टिरिओच्या तारांना ॲम्प्लिफायर जोडला म्हणजे काय होतें? कापलेला खर्ज कापलेलाच राहतो आणि उरलेलें तेवढें मोठें होतें. मग आवाज पातळ वाटतो म्हणून डिकींत सबवूफरची पेटी येते, ती एकच स्वर ढमढम वाजविते, आणि सगळी गाडी खुळखुळ्यासारखी वाजूं लागते. कापलेला खर्ज परत जुळवून देणारीं यंत्रें मिळतात, व जाणता कारागीर तीं सुचवितोहि. परंतु जो कारागीर प्रथम दाराचें आवरण उघडून पत्र्यास दाबाचे थर लावतो, दाराचीं भोंकें बुजवितो, आणि दोन स्पीकरांपैकीं एकाच्या तारा उलट तर जोडल्या नाहींत ना हें पाहतो, त्यास आम्ही अधिक मान देऊं. तारा उलट असल्या कीं दोन्ही स्पीकर एकमेकांचा खर्ज खाऊन टाकतात. तो दोष हजार वॅट ओतूनहि जात नाहीं.

आतां दुकानाकडे वळूं, कारण कारखानदारानें निम्मा फेंस चढविला असेल तर येथें सबंध चरवी फेंसाचीच असते. ज्यांचें बालपण १९९० च्या दशकांत गेलें त्यांस घरोघरच्या म्युझिक सिस्टिमच्या खोक्यांवरील ‘पी.एम.पी.ओ.’ हीं अक्षरें आठवत असतील. भिंतीवरच्या प्लगमधून पन्नास वॅट घेणारें यंत्र हजारों वॅट बाहेर टाकतें, असा चमत्कार तीं चार अक्षरें करीत असत आणि आम्ही सुशिक्षित लोक तो मुकाट्यानें विकत घेत होतों. तोच चमत्कार आज मोटारीच्या ॲम्प्लिफायरवर ‘मॅक्स’ या नांवानें नांदतो. २००० वॅटांचें खोकें हातीं घ्यावें आणि त्यांतील यंत्राचा फ्यूज पाहावा. फ्यूज २५ अँपियरचा असला तर १४ व्होल्टांनीं गुणून ३५० वॅट येतात. याहून अधिक शक्ति तें यंत्र बॅटरीकडून सतत घेऊंच शकत नाहीं. त्यांतूनहि कांहीं भाग उष्णतेंत जातो. जुन्या धर्तीच्या यंत्रांत सुमारें निम्मा, नव्या ‘क्लास डी’ यंत्रांत बराच कमी. घेतले ३५० आणि दिले २०००, असें देणारें यंत्र खरोखर असतें तर मोटारींत कशाला, तें कोयनेच्या धरणावर बसविलें असतें.

प्रामाणिक माप ठाऊक नाहीं अशी स्थिति नाहीं. घरगुती ॲम्प्लिफायरचे वॅट कसे सांगावेत याचा नियम अमेरिकेंत १९७४ सालींच झाला. मोटारीच्या ॲम्प्लिफायरांकरितां तेथील उत्पादकांच्या संघानें २००३ सालीं आपण होऊन एक प्रमाण ठरविलें: दाब १४.४ व्होल्ट, रोध ४ ओहम, विकृति एक टक्क्याहून अधिक नाहीं. तें पाळणें ज्याच्या त्याच्या इच्छेवर आहे, आणि ज्यांचे आकडे खरे आहेत तेच तें पाळतात. आमच्याकडे १९५६ च्या कायद्यानें शेर-मण जाऊन किलोग्रॅम आला, आणि वाण्याच्या तागडीवर शिक्का आहे कीं नाहीं हें पाहणारे निरीक्षक आहेत. बिस्किटाच्या पुड्यावर वजन ग्रॅमांत लिहिलेलें असतें व तें कमी भरलें तर ग्राहक रागावतो. वॅट मात्र कोणीहि कितीहि लिहावे! भ्रामक जाहिरातीस आळा घालणारा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सालीं झाला आहे. पण जो ग्राहक मोठ्या आकड्याचा अभिमानच बाळगतो तो तक्रार कसली करणार? खोट्या मापाचें खापर नुसतें व्यापाऱ्यावर फोडून आम्हां मध्यमवर्गीयांस मोकळें होतां येणार नाहीं. शेजाऱ्याच्या गाडींत १००० म्हणून आपल्या गाडींत २०००, ही हांव त्या खोक्यावरचा आकडा दरवर्षीं फुगवीत असते.

या फुगवट्याची किंमत केवळ रुपयांत मोजली जात नाहीं. त्याच दुकानांत तांब्याची म्हणून जी जाड तार देतात ती पुष्कळदां ॲल्युमिनियमची असते व तिला तांब्याचा पातळ मुलामा असतो. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारें साठ टक्के. अशी तार बॅटरीपासून डिकीपर्यंत गालिच्याखालून न्यावयाची, आणि बॅटरीजवळ वीतदीड वितीच्या आंत जो फ्यूज असलाच पाहिजे तो वीस मिनिटें वांचविण्यासाठीं गाळावयाचा, हा जळण्याचा सरळ मार्ग आहे. ॲम्प्लिफायरला लावलेला फ्यूज ॲम्प्लिफायर राखतो. वाटेंत घासून सोललेल्या तारेस तो राखीत नाहीं.

आणि कान! कामगारांच्या कानांकरितां अमेरिकेंतील आरोग्यसंस्थेनें जी मर्यादा सुचविली आहे ती ८५ डेसिबल, आठ तास. पुढें दर ३ डेसिबलांस वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. मुंबईहून पुण्यास जातांना ९१ डेसिबल ठेविले तर दिवसभराचा वांटा घाट चढून होतो न होतो तोंच संपला. ही मर्यादा धट्ट्याकट्ट्या प्रौढांची. मागच्या दारांतील स्पीकरला कान लावून झोंपलेल्या चार वर्षांच्या मुलीची नव्हे. येथें चांगल्या ॲम्प्लिफायरविषयीं एक गोष्ट आम्ही लपवून ठेवणार नाहीं. छाटलेला, कर्कश आवाज माणसास लवकर नकोसा होतो व तो आपण होऊन बटण मागें घेतो. स्वच्छ आवाज तसा इशारा देत नाहीं. तो ९५ डेसिबलांवरहि गोडच लागतो. म्हणून ज्यानें उत्तम यंत्र बसविलें त्यानेंच बटणाकडे अधिक लक्ष ठेवावें, आणि पुढच्या सीटवरून मागच्या सीटवरील माणसाशीं ओरडल्यावांचून बोलतां येतें कीं नाहीं हें अधूनमधून पाहावें. रात्रीं निवासी वस्तींत ४५ डेसिबलांची मर्यादा २००० सालच्या नियमांनीं घातली आहे. तिची आठवण काचा खालीं करून गल्लींत शिरणाऱ्यांस देण्याचें काम आम्ही पोलिसांवर सोंपवितों.

तेव्हां खरेदीस जातांना चिरंजीवांनीं वडिलांस बरोबर न्यावें. दुकानदारास विचारावें: सतत किती वॅट, किती ओहमांवर, किती टक्के विकृतीनें? त्यास सांगतां आलें नाहीं तर यंत्र उलटें करून फ्यूज पाहावा. तारेचें टोंक चाकूनें खरवडावें. आंत पांढरें निघालें तर ती परत द्यावी. घरीं शंभरदां ऐकलेलें एखादें गाणें बरोबर असावें, आणि तें हळू आवाजांत आधीं ऐकावें, मोठ्या आवाजांत मागाहून. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, फ्यूज बघून काय करणार, पहिल्यांदा दणका तर ऐका,’ तर त्यास नमस्कार करून पुढच्या दुकानांत जावें.