बसून बोलणे

मागच्या दिवाळीतली गोष्ट. वसुबारसेच्या संध्याकाळी आमचे शेजारी फराळाचे ताट घेऊन आले. गृहस्थ अजनीला रेल्वेत नोकरीस आहेत आणि उरलेल्या वेळात आपल्या युनियनच्या शाखेचे काम पाहतात. ताटातले अनारसे पाहून आमच्या सौभाग्यवतींनी विचारले,

"भाऊजी, बोनस झाला वाटते?"

"झाला ना, वहिनी. अठ्ठ्याहत्तर दिवसांचा!"

सौ.ने मनातल्या मनात अडीच महिन्यांच्या पगाराचा गुणाकार केला असावा, कारण तिने माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिले. शेजाऱ्यांनी हसून खुलासा केला, "हिशेब महिना सात हजारांवर धरतात, वहिनी. हाती येतात जास्तीत जास्त सतरा हजार नऊशे एक्कावन्न."

"तरी सरकारने दिले हे काय थोडे?" मी म्हणालो.

"दिले काहून म्हणता, सर? मागून, भांडून, बसून, बोलून घेतले बाप्पा!"

मी मराठीचा मास्तर. माणसाने काय म्हटले याच्या आधी त्याने क्रियापदे कोणत्या क्रमाने लावली इकडे माझे लक्ष जाते. मागणे, भांडणे, बसणे, बोलणे. यातली मागणे आणि भांडणे ही दोन आपल्याला जन्मतःच येतात. बोलण्यात तर आम्ही मास्तरमंडळी कोणाला हार जाणार नाही. अवघड आहे ते तिसरे. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याच समोर खुर्ची ओढून बसणे, आणि पुढच्या खेपेला पुन्हा येऊन बसणे.

या एका क्रियापदावरून आपल्या नागपुरात एकदा केवढे रणकंदन झाले होते, हे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. १९२९ च्या नोव्हेंबरअखेरीस अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. महिन्याभराने लाहोरच्या काँग्रेसचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच जायचे होते. त्याच वर्षी इंग्रज सरकारने हिंदी कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक शाही आयोग नेमला होता. त्या आयोगापुढे जायचे की त्याच्यावर बहिष्कार घालायचा, हा वादाचा मुद्दा. आपले नारायण मल्हार जोशी त्या आयोगाचे सभासद होते. हे ना. म. जोशी म्हणजे १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढणारे, ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणीत पहिल्यापासून असलेले, सौम्य पण चिवट गृहस्थ. अधिवेशनात बहिष्काराच्या बाजूचे बहुमत झाले. जोशी, दिवाण चमनलाल, व्ही. व्ही. गिरी आदी मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी वेगळे फेडरेशन काढले. कामगार चळवळ नागपुरात दुभंगली.

बहिष्कार घालणारे चुकले असे मी म्हणणार नाही. परक्या सरकारने मांडलेल्या टेबलाशी बसावे कशाला, हा त्यांचा प्रश्न खरा होता. जोशींचे म्हणणेही खोटे नव्हते. कामगाराच्या घरची चूल रोज पेटायची असते, ती स्वराज्याची वाट पाहत थांबत नाही.

गंमत पुढेच आहे. त्या आयोगाचे अध्यक्ष होते जे. एच. व्हिटली. इंग्लंडच्या कॉमन्स सभेचे हे माजी सभापती. मालक आणि नोकर यांनी भांडण झाल्यावरच नव्हे, तर एरवीही नियमाने एकत्र बसावे, अशी सूचना करणारी समिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली नेमली गेली होती. तिच्यातून निघालेली मंडळे 'व्हिटली कौन्सिल' म्हणून ओळखली जाऊ लागली आणि १९१९ पासून तिकडच्या सरकारी नोकरांनाही ती लागू झाली. म्हणजे बसून बोलण्याला ज्याचे नाव मिळाले, त्याच्यासमोर बसावे की नाही यावरून आमच्या गावात फाटाफूट झाली! आयोगाचा अहवाल १९३१ साली आला, आणि रेल्वेत दोन्ही बाजूंचे कायमचे संयुक्त मंडळ असावे अशी शिफारस त्यात होती.

दुभंगलेली चळवळ जुळून येण्याची सुरुवातही नागपुरातच, १९३८ च्या अधिवेशनात झाली. विलीनीकरण १९४० साली पुरे झाले.

स्वराज्य आले. रेल्वेत १९५२ साली कायम वाटाघाटींची यंत्रणा सुरू झाली. तिलाच शेजारी 'पी.एन.एम.' म्हणतात. हे नाव मी प्रथम ऐकले तेव्हा त्यांना डॉक्टरांनी एखादी तपासणी सांगितली असावी असे मला वाटले होते! विभागाच्या कचेरीत अधिकारी आणि मान्यताप्राप्त युनियनची माणसे ठरावीक काळाने समोरासमोर बसतात. तेथे सुटले नाही तर विषय झोनच्या मुख्यालयात, तेथून रेल्वे बोर्डापुढे, आणि तेथेही अडले तर तटस्थ अध्यक्ष असलेल्या लवादापुढे, अशी ही पायऱ्यांची रचना.

टेबल मांडले म्हणजे भांडण मिटले असे मात्र नाही. १९६० च्या जुलैत केंद्र सरकारच्या नोकरांनी पाच दिवस संप केला. त्यानंतर, १९६६ साली, सर्व केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी व्हिटली कौन्सिलच्याच धर्तीवर संयुक्त सल्लागार यंत्रणा उभी राहिली. तिच्या राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष खुद्द मंत्रिमंडळाचे सचिव. तेथे हात वर करून मते मोजत नाहीत, दोन्ही बाजूंचे एकमत व्हावे लागते. न झाले तर पगार-भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा एवढे विषय लवादाकडे नेता येतात.

आणि तरीही १९७४ साल उजाडलेच. ८ मेपासून २७ मेपर्यंत रेल्वेचा तो प्रचंड संप चालला. मागण्यांत एक ठळक मागणी बोनसची होती. संप मोडला, बोनस मिळाला नाही. मिळाला तो १९७९-८० या वर्षापासून, कामाच्या उत्पादकतेशी जोडून, आणि त्याचे सूत्र ठरवताना दोन्ही फेडरेशनांशी बोलणी झाली. शेजाऱ्यांचे वडील त्या संपात होते.

"मग मला सांगा," मी विचारले, "बोनस संपाने मिळाला की बोलण्याने?"

"संप झाला नसता तर बोलले कोण असते, सर? आणि बोलले नसते तर संपाचे झाले काय असते?"

मी गप्प झालो, कारण मला माझाच एक ठराव आठवला.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या महाविद्यालयातल्या कर्मचारी संघटनेचा चिटणीस होतो. व्यवस्थापनाने एका बैठकीत आमचा अपमान केला. अपमान खरा होता. मी बहिष्काराचा ठराव लिहिला. भाषा अशी साधली होती की टाळ्या थांबेनात. पुढे अकरा महिने बैठक झाली नाही. विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकाला ग्रंथालयातल्या एका शिपाईमामांची थकबाकी होती. त्यांची काही वर्षांची नोकरी चुकून मोजायची राहिली होती. त्या अकरा महिन्यांत मामा सेवानिवृत्त झाले. शेवटी दोन्ही बाजू बसल्या तेव्हा सातवा विषय पाच मिनिटांत मंजूर झाला. पाच मिनिटांत! मी बातमी घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "बरे झाले, सर. पोरीचे लग्न उरकले यंदा. तेव्हा मिळाले असते तर सावकाराकडे..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. मीही केले नाही.

माझ्या ठरावाची प्रत अजून कपाटात आहे. त्यात एकही चूक नाही. त्यात फक्त सातवा विषय नाही.

भाऊबीज उलटली आणि सकाळी शेजारी कापडी पिशवीत फाइल घालून निघाले. फराळाचे ताट रिकामे परत करू नये म्हणून सौ.ने त्यात संत्रा बर्फी ठेवली होती, ती घेऊन मी फाटकाशी गेलो.

"पी.एन.एम. का?"

"हो. एकोणीस विषय आहेत. त्यांतला एक मागच्या दोन बैठकींत सुटला नाही."

"मग?"

"मग काय, सर? पुन्हा लावला."